बाई आणि खोऱ्याचं पुस्तक

पुस्तकांची खोकी आली तेव्हा बाई नवऱ्याची कूस बदलत होत्या. दाराची घंटा वाजली, पण अर्ध्या वळलेल्या माणसाला तसंच सोडून जाणार कसं? "थांबा हो, आले!" असं त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, पाठीमागे उशी सारली, आणि हात पुसत दार उघडलं. तोवर आणणारा माणूस खोकी उंबऱ्याशी रचून पसार झाला होता. बाईंनी ती पायानेच ढकलत आत घेतली. वाकायचं म्हटलं की हल्ली कंबर बोलायची.

जन्मभर त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई'च राहिल्या. निसर्गावरच्या उत्तम पुस्तकाला दरवर्षी पुरस्कार देणारी एक संस्था होती. तिने बाईंना परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता! पण तेव्हा नवरा धडधाकट होता. सरकारी मोजणी खात्यातला सर्व्हेअर. सगळे त्यांना साहेब म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डोंगरदऱ्यांत दुर्बीण आणि मोजपट्ट्या घेऊन काढलेली. मग एका सकाळी दाढी करताना हातातलं पातं गळून पडलं, आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचाही गेली. हो, नको, चहा, पाणी एवढे शब्द तेवढे मागे राहिले, आणि एक शिवी, जी साहेबांनी धडधाकट असताना कधीही दिली नव्हती.

यंदा नाही म्हणायचं बाईंनी पक्कं ठरवलं होतं. पण संस्थेचे सचिव फोनवर काकुळतीला आले. "बाई, ऐन वेळी मी दुसरं कुणाला शोधू? एवढं एक वर्ष!" बाईंना भीड मोडवेना. फोन ठेवल्यावर त्या स्वतःवरच चिडल्या.

वाचायचं केव्हा, हाच प्रश्न होता. औषधं, अंग पुसणं, भरवणं, चादरी बदलणं यात दिवस कुठे जाई कळत नसे. शेवटी त्यांनी तोड काढली. दुपारी साहेबांच्या खाटेशी खुर्ची ओढायची आणि पुस्तक मोठ्याने वाचायचं. त्यांच्याजवळ बसणंही होईल, काम पण होईल.

बहुतेक पुस्तकं वाचून जीव मेटाकुटीला आला. पानापानावर सोनेरी पहाट, मोत्याचं दव आणि लेखकाचं भरून आलेलं मन. झाड कोणतं ते मात्र सांगायचं नाही. साहेब पहिल्या पानालाच घोरायला लागत. एकदा तर बाई वाचता वाचता स्वतःच पेंगल्या आणि पुस्तक त्यांच्या पायावर पडलं.

मग खोऱ्याचं पुस्तक हाती आलं. एका माणसाने एका नदीच्या खोऱ्यात वर्षभर पायी फिरून लिहिलेलं. यात पहाट नुसती पहाट होती. कोणत्या खडकावर कोणतं शेवाळं आहे, खंड्या कोणत्या फांदीवर बसतो, कुठली वाट चिखलात कुठवर बुडते, असं सगळं साधं आणि नेमकं. साहेबांनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी डाव्या हाताने खुर्चीकडे बोट केलं.

"वाचू?"

"हो."

ते दिवस बाईंना त्यातल्या त्यात बरे गेले. थकवा होताच, पण दुपारची ओढ वाटायला लागली. पुरस्कार याच पुस्तकाला, हे त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

खोऱ्याच्या खालच्या टोकाचं प्रकरण सुरू झालं. दगडी पुलाखाली नदीचं वळण, तिथल्या कपारीत नेचे, आणि पाण्यात खेळणारं पाणमांजरांचं कुटुंब. 'गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी या पुलावर बसून होतो,' असं लेखकाने लिहिलं होतं.

"पाणी," साहेब म्हणाले.

बाईंनी पुस्तक मिटलं, चोचीचा पेला आणून तोंडाशी धरला. साहेबांनी तोंड फिरवलं.

"नको का? बरं." त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं.

"पाणी!"

पुन्हा पेला, पुन्हा मान फिरवणं. तिसऱ्या खेपेला साहेबांनी डाव्या हाताने पेला उडवला. पाणी चादरीवर, पुस्तकावर, बाईंच्या मांडीवर. वर ती शिवी.

"किती छळाल हो मला?" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला टेकून रडल्या. पण ओली चादर कुणी बदलायची? डोळे पुसून परत यावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी ते प्रकरण उघडताच पुन्हा तेच. फक्त या वेळी साहेबांनी बाईंचं मनगट धरलं. मग स्वतःचा तळवा पुस्तकाच्या पानावर आडवा ठेवला आणि हळूहळू वर नेला. छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, डोक्याच्याही वर. "पाणी," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं ते वेगळंच.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नानंतरची ती वर्षं! साहेब महिनोन्‌महिने याच खोऱ्यातल्या धरणाच्या मोजणीवर होते. पाणी डोंगराला कुठवर चढेल ती रेषा त्यांनीच आखली होती. खालचं सगळं बुडालं, गाव, पूल, सगळंच. मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात हा माणूस त्या पुलावर बसला कसा?

त्यांनी संस्थेकडून लेखकाचा नंबर घेतला आणि सरळ विचारलं.

"मी तिथेच जन्मलो, बाई," लेखक म्हणाला. "आम्हाला उठवलं तेव्हा मी शाळेत होतो. वरचं सगळं खोरं मी खरंच फिरलोय. खालचं तेवढं..."

"मग बुडालं असं लिहायचं की."

"लिहून पाहिलं. 'होतं' लिहायला गेलो की हातच चालेना. 'आहे' लिहिलं, तर भराभर उतरलं."

"आणि पाणमांजरं?"

"होती ना. तेव्हा होती."

त्याने गयावया केली नाही, सबब सांगितली नाही. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," एवढंच म्हणाला. चार शब्द उर्मट बोलला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

निवडीच्या बैठकीला जाताना शेजारणीला साहेबांपाशी बसवलं होतं. संस्थेच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. दुसरे दोन परीक्षक, वृत्तपत्रातून निवृत्त झालेले संपादक आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आधीच येऊन बसले होते. संपादक खुशीत होते.

"यंदा वादच नाही. खोऱ्याचं पुस्तक! बाई, तुमचंही हेच ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. कुणाला कळणार होतं? अंगात त्राण नव्हतं, आणि लवकर घरी जायचं होतं. बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला आणि सगळं सांगितलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "अहो, पण एका प्रकरणाने काय बिघडतं? बाकी पुस्तक चोख आहे."

"उद्या एखाद्याने पाणमांजरांची नोंद यातून उचलली तर? तिथे तर वीस माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढं पाणी आहे."

"एवढं सुंदर पुस्तक, बाई!" संपादक जवळजवळ रागावले.

"सुंदर आहे म्हणून तर माझा जीव जातोय. वाईट असतं तर मी तोंडही उघडलं नसतं."

बराच खल झाला. अखेर पुरस्कार गांडुळांवर लिहिणाऱ्या एका संशोधिकेला गेला. पुस्तक जरा रुक्ष होतं, पण त्यातला प्रत्येक किडा जिथे म्हटला तिथेच होता.

घरी येऊन बाईंनी साहेबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. साहेबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ती शिवी हासडली. लेखकाला, धरणाला की बायकोला, ते काही कळलं नाही. विचारायचं बळ बाईंमध्ये नव्हतं. सचिवांना फोन करून त्यांनी पुढच्या वर्षीपासून नाव काढायला सांगितलं, आणि या खेपेला भीड आडवी आली नाही.

काही आठवड्यांनी दारात एक पिकल्या दाढीचा माणूस उभा राहिला. आवाजावरून बाईंनी ओळखलं आणि दार अर्धंच उघडं धरलं.

"भांडायला आलो नाही," लेखक म्हणाला. "ते प्रकरण पुन्हा लिहितोय. तुम्ही फोनवर म्हणालात, तुमच्या साहेबांनी तिथली मोजणी केली. त्यांना भेटता येईल?"

ज्याने आपल्या गावावरून रेषा ओढली त्याला हा भेटायला आला होता! बाईंना नको म्हणावंसं वाटलं. पण तो वाट बघत उभा होता, आणि आतून साहेबांची खाट करकरली होती.

लेखक खुर्चीत बसला. बाई दारातच थांबल्या. काही झालं तर मध्ये पडायला.

"साहेब, आम्हाला पाणी यायच्या आधीच उठवलं," लेखक म्हणाला. "आधी काय बुडालं, मग काय, ते मी पाहिलंच नाही. शाळा आधी गेली की पूल?"

साहेबांनी डावा हात उचलला.

"पूल?"

"हो."

"मग शाळा?"

"नको. नको!"

"मधे आणखी काय होतं? गिरणी?"

"हो," साहेब म्हणाले, आणि त्यांचा ओठ एका बाजूने वर गेला. कितीतरी महिन्यांत बाईंनी ते पाहिलं नव्हतं.

मग त्यांचं जमलंच. लेखक एकेक वाक्य वाचायचा, साहेब हो-नको करायचे, मध्येच शिवी द्यायचे आणि लेखक ती मुकाट्याने घ्यायचा. एकदा तर गिरणीच्या जागेवरून हुज्जत लागली. बाईंनी चहा करून दिला. परत दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांना कुणी हाकच मारेना.

त्या आतल्या खोलीत गेल्या. जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर बसल्या आणि चपलांसकट आडव्या झाल्या. औषधाची वेळ होत आली होती, दूध तापवायचं होतं. बाहेरून "नको, नको" ऐकू येत होतं. उठायला हवं, असं त्यांच्या मनात आलं खरं. पण तोवर त्यांचा डोळा लागला होता.