बहरीनची दोन कॉलेजं आणि एक लाल बस

आमच्या सईची बारावी संपत आली तेव्हा घरात दोनच पर्याय होते: पुणे किंवा बहरीन. पुणे म्हणजे आमच्या दृष्टीने घर आणि कुवेतमध्ये जन्मलेल्या सईच्या दृष्टीने परदेश. बहरीन तिघांनाही परकं, पण आम्ही राहतो त्या कुवेतहून तिथे गाडीने जाता येतं. लेक हव्या त्या क्षणी गाडीने गाठता आली पाहिजे, एवढ्या एका निकषावर मी ते बेट मनात पक्कं केलं होतं. तिला हवा असलेला लॉजिस्टिक्सचा दोन वर्षांचा डिप्लोमा तिथे दोन कॉलेजांत होता, पुढे पदवीलाही जोडता येणारा.

"दोन्ही बघू," माझी बायको मेघना म्हणाली. "मला पटलं नाही तर पुण्याची फी भरायची आणि विषय संपवायचा."

"आई, प्लीज, नॉट पुणे," सई म्हणाली. "तिथे आत्याकडे मी कायम पाहुणीच असते."

बुधवारी पहाटे कुवेतमधल्या आमच्या अबू हलीफाहून निघालो. जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: सौदी आणि बहरीन, दोन्ही व्हिसा आधी ऑनलाइन काढा. गाडी स्वतःच्या नावावर हवी. तिचा विमा सीमेवर मिळतो. टाकी कुवेतमध्येच भरा, पुढे पेट्रोल महाग आहे. सीमांवर गर्दी नसली तर पाच-सहा तास. सीमेपलीकडे सौदीतल्या खफजीला कडक चहा घेतला, मेघनाची थालीपीठं संपवली आणि मग दमामपर्यंत बघण्यासारखं काही नाही, हे नीट बघत गेलो. समुद्रावरचा लांबलचक पूल मात्र खरोखर सुंदर आहे. त्याच्या मधोमध पासपोर्टवर शिक्का मारून घेताना आपण बेटावर चाललोय हे पटतं.

गुरुवारी सकाळी पहिलं कॉलेज. काचेची इमारत, खजूर, गहवा म्हणजे अरबी कॉफी, जाडजूड माहितीपत्रक. पार्किंग इतकं प्रशस्त की मी तिथेच निम्मा राजी झालो. आम्हाला कॅफे दाखवला, जिम दाखवली, प्रार्थनेची खोली दाखवली. सईने वर्गांबद्दल विचारलं, तर वर्गांचे फोटो दाखवले.

दुसरं कॉलेज मनामाच्या अलीकडे, जुन्या वस्तीत. पार्किंग नाहीच. आत मात्र एका शेडमध्ये मुलं खरोखरीचे खोके खरोखरीच्या फोर्कलिफ्टने हलवत होती. सईचे डोळे तिथून हलेनात. प्रवेश बघणाऱ्या मल्याळी बाईंनी तिला हिंदीत विचारलं, "रोज कॉलेज कैसे आओगी?"

"मैं छोड़ूँगा," मी सवयीने म्हणालो.

"कुवेत से?" बाईंनी शांतपणे विचारलं.

मेघना खिडकीबाहेर बघू लागली. सामानाची ने-आण शिकायला निघालेल्या या मुलीची ने-आण अठरा वर्षं आम्हीच केली होती. शाळा, क्लास, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळीकडे दारापासून दारापर्यंत. बसमध्ये ती एकटी कधीच बसली नव्हती.

"मी आत्ता बसने हॉटेलवर येते," सई म्हणाली. "तुम्ही पुढे जा."

बाईंसमोर मी मोठ्या मनाने हो म्हणालो. बाहेर आल्यावर मेघना हळूच म्हणाली, "हे जमलं तर ठीक. नाही तर पुणे. तिथे निदान आत्या तरी आहे."

लाल बस आली, सई चढली. मी गाडी काढली आणि बसच्या मागे लावली.

"अहो, हॉटेल डावीकडे आहे."

"हाही रस्ता जातो."

बस प्रत्येक थांब्यावर थांबायची, मीही थांबायचो. मागचे लोक हॉर्न वाजवून आपलं मत कळवत होते. "आपण कॉलेज बघायला आलोय की बसला सोबत करायला?" मेघनाने विचारलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाबा, मागची पांढरी गाडी तुझीच ना?"

"हो... म्हणजे, ट्रॅफिक आहे."

"तुझा इंडिकेटर कधीचा चालू राहिलाय. सगळी बस बघतेय. आणि ऐक, मला स्टँडवर बस बदलायची आहे. तू चुकशील. हॉटेलवर भेटू."

मी खरंच चुकलो. एकेरी रस्त्यांतून फिरून हॉटेलवर पोचलो तेव्हा सई लॉबीत गरम सामोसे खात बसली होती. "स्टँडवर मिळतात," तिने आईपुढे पुडी धरली. मेघनाने एक सामोसा घेतला आणि परतीच्या वाटेवर पुण्याचा विषय निघाला नाही.

घरी येऊन सईने दुसऱ्या कॉलेजात अर्ज केला. कोणी विचारलं तर माझी तुलना अशी: पार्किंग हवं तर पहिलं, शिकायचं असेल तर दुसरं. ज्या निकषावर मी ते बेट निवडलं होतं, तो आता कोणी विचारत नाही.

परवा शुक्रवारी सई कुवेत शहरातल्या मिरकाबला मैत्रिणीकडे निघाली, बसने. थांबा आमच्या इमारतीखालीच आहे. इतकी वर्षं तो आम्हाला फक्त गाडी लावताना अडचण म्हणून माहीत होता. तिच्यामागे दार बंद झालं आणि मी सवयीने किल्ली उचलली. मेघनाने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मला गॅलरीत नेलं.

"इथून दिसेल तेवढी बघा."

बस कोपऱ्याशी पोचली, इंडिकेटर दिला, वळली आणि वळल्यावर तो बंदही केला.