माणमधली साडेसहाची शर्यत

शनिवारी दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतून आमचा टेम्पो निघाला, तेव्हा मागे तीन जादा सायकली, पाण्याचे जार आणि चुन्याची एक गोणी होती. गाडी माझा मित्र निखिल चालवत होता. आम्ही काही मित्रमैत्रिणी सुट्टीच्या दिवशी नव्या सायकलपटूंसाठी शर्यती भरवतो. सायकल साधी असली तरी चालते, मात्र याआधी कधी शर्यतीत उतरलेलं नसावं, एवढीच अट. पहिल्या तिघांना आम्ही महिनाभर सांगलीत ठेवून शिकवतो. या शर्यतीचं पत्रक मी लिहिलं होतं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहाच.’

तासगावला द्राक्षांची तोड चालू होती, रस्त्याकडेला क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या. विट्यानंतर हिरवं विरळ झालं. मायणी सोडली आणि दोन्ही बाजूंना बोडके माळ सुरू झाले. दहिवडीच्या पुढचा डांबरी रस्ता सरळ आणि मोकळा होता.

“असला रस्ता आपल्याकडे असता तर?” निखिल म्हणाला.

“तर त्यावर गाड्या लावलेल्या असत्या.”

शर्यत माण तालुक्यातल्या एका गावात होती आणि मुक्काम तिथली व्यवस्था बघणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांकडे होता. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ कालवण) मिळालं. “लाजताय काय, वरपा की,” म्हणत आबांनी माझी वाटी तीनदा भरली. माणूस खरंच प्रेमळ. जेवण झाल्यावर ते म्हणाले, “उद्या झेंडा पावन्यांच्या हातानं बरं का. लय मोठी असामी हाय. साडेसहाला येतो म्हनून शब्द दिलाय.”

मी मान डोलावली. तिथेच चुकले.

सकाळी कळलं, पाठीवर लावायचे क्रमांक सांगलीतच राहिले. निखिल डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “ताई, आमच्या बापूकडं मेंढरांवर खूण करायचा रंग हाय. आनू का?” ती सारिका. बारावीत शिकते, वस्तीवरून कॉलेजला रोज नऊ किलोमीटर सायकल मारते. तिच्या मागे तिचे वडील, धुळाबापू, घोंगडी खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने चौदा पोरापोरींच्या पाठीवर लाल आकडे काढले.

“मेंढरं तरी गप उबी ऱ्हात्यात,” ते हसणाऱ्या पोरांना म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. “ताई, पोरगी सांगलीला जायचं म्हनती. मी म्हनलं, पैल्या तिनात आलीस तर जा. पर मी माज्या डोळ्यानं बघनार. आठला मेंढरं सोडायची असत्यात, त्याच्या आत उरकंल न्हवं?”

“साडेसातलाच उरकेल,” मी म्हणाले.

साडेसहा झाले. चुन्याची रेघ ओढलेली, पोरं रेघेवर, रस्ता रिकामा, हवा गार. पाहुणे नाहीत. सात झाले. सारिका जवळ आली.

“ताई, आमी निघू का?”

मी आबांकडे गेले. आबांना धक्काच बसला. “आवं, पावन्याबिगर शर्यत सुटती का कुटं? मांडव घातलाय, नारळ आनलाय, शाल हाय. गावाची इज्जत हाय का न्हाई?”

“आणि पोरांच्या वेळेला इज्जत नाही?”

“दा मिन्टात येत्यात. आत्ताच फोन झाला.”

मी परत गेले आणि सारिकाला म्हणाले, “दहा मिनिटं थांबू.” ते वाक्य आजही मला टोचतं. पाऊण तासाने धुळाबापू उठले, घोंगडी झटकली आणि वस्तीकडे चालू लागले. सारिका त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

पाहुणे पावणेदहाला आले. हार झाले, नारळ झाले. मग पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार. उन्हात चौदा पोरं उभी होती, त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आमचे जार होते म्हणून बरं. भाषणात पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं आणि मग घड्याळ बघितलं. त्यांना साताऱ्याला लग्नाला जायचं होतं.

“मग आसं करू,” आबा म्हणाले, “बक्षीस आत्ताच दिऊ. शर्यत मागनं हुईल.”

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण त्यांनी आपल्या पुतण्याला पुढे ओढलं. तो आमच्या शर्यतीत नव्हताच, मोठ्या शर्यतींत सायकल चालवणारा, अंगावर नवा चकचकीत पोशाख, फोटोत शोभणारा. “फोटूपुरतं रं, घे.” पाहुण्यांनी त्याच्या हातात चषक दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला.

“न झालेल्या शर्यतीचं बक्षीस देताय?” मी ओरडले. “लाज वाटत नाही?”

निखिलने माझा हात धरला. पाहुणे हसून म्हणाले, “जोश चांगला आहे,” आणि गाडीत बसले.

शर्यत साडेदहाला सुटली. वीस किलोमीटर. दोन पोरं उन्हाने अर्ध्यात उतरली. सारिका पहिली आली. ओठ फाटलेले, पाठीवरचा लाल आकडा घामाने ओघळलेला. पुतण्याने चषक तिला दिला, मान खाली घालून.

मी आणि सारिका चषक घेऊन माळावर गेलो. धुळाबापू बाभळीखाली बसले होते. त्यांनी चषक बघितला आणि खिशातून मोबाइल काढला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता. पाहुणे, पुतण्या, चषक.

“बक्षीस तर ह्याला घावलंय. आन् ह्यो कप हितं कसा?”

“तो फोटो आधीचा आहे. शर्यत सुटायच्या आधी काढलेला.”

“शर्यतीच्या आदी बक्षीस? आसं कोन देतं व्हय?”

कुठल्याही शहाण्या माणसाला हे खोटंच वाटेल.

“बापू, मी पैली आले,” सारिका म्हणाली.

“आली असशील. तुमी दोगी खरंच बोलत असाल. पर मी सकाळी आलो हुतो, ताई. तवा सोडली असती तर मला कुनाला इचारायची गरजच पडली नसती.”

परतीच्या वाटेवर तासगावपर्यंत मी आबांना, पाहुण्यांना, शालींना, नारळांना शिव्या घालत होते. मग शिव्या संपल्या. ज्यांच्यासाठी शर्यत, त्यांनाच उभं करून ज्यांचा सायकलशी संबंध नाही त्यांची वाट बघायची, ही आपल्याकडची रीत मला पाठ होती. तरी मी थांबले. शर्यत सोडायची शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती वाजवायला हार-नारळ लागत नव्हते.

सारिका त्या महिन्यात सांगलीला आली नाही. आमच्या गटासाठीच्या शर्यतीच्या अहवालात मी लिहिलं, ‘शर्यत चार तास उशिरा सुटली, कारण मी ती सोडली नाही.’ निखिल म्हणाला, हे वाक्य काढ. मी काढलं नाही.

परवा धुळाबापूंना फोन केला. पुढची शर्यत त्यांच्याच वस्तीच्या रस्त्यावर, मांडव नाही, पाहुणा नाही, सारिकापुरती नव्यांची अटही नाही, सकाळी साडेसहा.

“येतो,” ते म्हणाले. “पर साडेसहाला न्हाई सुटली, तर सहा पस्तीसला पोरीला घिऊन मी निगनार.”