थोरल्या जाऊबाईंची आगबोट

माझ्या थोरल्या जाऊबाई मालवणच्या किनाऱ्यावरच्या. लग्न होऊन आल्या त्या कट्टा गावाच्या बाजूला आमच्या वाडीत, भाताच्या आणि काजूच्या मुलखात. समुद्र तसा लांब नाही. पण त्यांचे आईवडील गेले, भाऊ मुंबईतच राहिला, माहेरच्या घराला कुलूप लागलं आणि त्यांचं तिकडे जाणंच थांबलं.

एकदा ओले काजूगर सोलताना त्या म्हणाल्या, "म्हायाराचा दार बंद झाला काय, समुद्रार जावक निमित्त लागता गो."

मी धामापूरची, तळ्याकाठची. समुद्राची ओढ मला काय ठाऊक? तरी म्हटलं, "निमित्त कित्याक व्हया, वयनी? उद्या जावया."

दुसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही दोघी मालवणला किनाऱ्यावर गेलो. तिथे खडकाच्या कडेकडेने आता फरसबंद पायवाट झाली आहे. कठडा आहे, बाकडी आहेत, फोटो काढणारी माणसं आहेत. जाऊबाईंचं लक्ष त्या कशाकडेच नव्हतं. त्यांना बघायची होती त्यांच्या आजोबांच्या काळात खडकावर आपटून फुटलेली आगबोट. तिचं बाकी काही उरलेलं नाही. ओहोटीला एक गंजलेला बॉयलर तेवढा वर येतो. लहानपणी वडिलांबरोबर त्या तिथपर्यंत कालवं काढायला जायच्या.

पण भरती होती. नुसतं पाणी. आम्ही बाकावर बसून राहिलो. उन्हं कलली तशी मला घोर लागला.

"वयनी, एस.टी. चुकतली."

"वायच थांब. पाणी उतरता हा."

थोड्या वेळाने लाटांमध्ये एक काळं काही दिसलं आणि दिसत राहिलं. "ताच गो ता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग उठून कठड्याच्या कडेने खाली उतरायची जागा शोधू लागल्या. शहाळीवाला म्हणाला, "मावशे, थंयसून वाट नाय आता."

"हयसर करवंदीची जाळी होती," त्या त्याला म्हणाल्या. "तिच्या बाजून आमची वाट होती." जुनी वाट बांधकामाखाली गेली होती. त्या तिथेच कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माका वाटता, आता बापूस थंयसून हाक मारतलो."

एस.टी. चुकलीच, रिक्षा करून घरी आलो. वाटेत त्यांनी एकदाच माझा हात धरला.

आता जाऊबाई मुलाकडे मुंबईला असतात. गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही. फोनवर आधी घरचं, काजूचं विचारतात, मग म्हणतात, "गेल्लंस मगे थंय?"

मी जाते. एकटीच जाते आणि पाणी उतरेपर्यंत बसते. मागल्या खेपेला घरी येऊन त्यांना फोन केला.

"बॉयलर दिसलो?"

"दिसलो."

"कितको?"

"अर्धो."

त्यांनी फोन ठेवला नाही. मलाही ठेववेना.