गळ्याची बाजू, गिटारची बाजू

आमच्या घरात दोन परदेशी म्हातारे राहतात. त्यांनी सुरत पाहिलेली नाही आणि आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण एक माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बसलेला असतो आणि दुसरा माझ्या धाकट्या भावाच्या. दोघे एकाच रॉक बँडमधले. एक गायचा, दुसरा गिटार वाजवायचा आणि चाली बांधायचा. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी त्यांचं फाटलं, बँड मोडला, दोघांनी आपापले संसार थाटले. भांडण तेवढं आमच्याकडे ठेवून गेले.

नवरा गिटारवाल्याचा, भाऊ गायकाचा. खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांतल्या या दोन पोरांना हे वेड कुठून लागलं, देव जाणे. आमच्या वस्तीत बँड म्हणजे लग्नात गाडीवर भोंगे लावून वाजतो तो. माझ्या आईला कित्येक वर्षं वाटायचं की हेही लग्नातच वाजवतात, आणि इतक्या भांडखोर माणसांना हळदीला बोलावतं कोण, असं ती विचारायची.

मला पाहायला आले तेव्हा मला वांग्याचं भरीत येतं का, एवढं विचारलं. पुढचा सगळा वेळ नवरा मुलगा आणि माझा भाऊ त्या बँडवर बोलत बसले. पाहुणे गेल्यावर भाऊ आत येऊन म्हणाला, माणूस चांगला आहे. परीक्षा कोणत्या विषयाची झाली ते मला लग्नानंतर कळलं. आणि ते दोघे एका बँडचे असले तरी एका बाजूचे नाहीत, हे त्यांनाही लग्नानंतरच कळलं.

मग आमच्या उधन्याच्या घरात दर रविवारी तेच. नवरा म्हणायचा, चाल ज्याने बांधली त्याचं गाणं. दुसरा नुसता तोंड हलवतो आणि टाळ्या घेतो. भाऊ म्हणायचा, दाजी, चाल कपाटात ठेवून पूजा करा, लोक गळा ऐकायला येतात. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात पन्नास पोरं गप्प बसवते, पण या दोघांपुढे मी भजी तळायची आणि तिखट चटणी पुढे सरकवायची. खोटं कशाला बोलू, मला ते रविवार आवडायचे.

आता मूळ गोष्ट. नवरा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढतो. मान खाली, डोळे पडद्यावर, कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. भाऊ रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्या विकतो. त्याची जीभ अशी, की पाच साड्या घ्यायला आलेला व्यापारी गाठोडं बांधून जातो आणि वर याचेच आभार मानतो. मागच्या वर्षी दोघांनी एक साडी मिळून केली. शेवाळी रंग, काठाला कैऱ्यांची वेल. वेल नवऱ्याची, विक्री भावाची. साडी अशी चालली की आमच्या नात्यातल्या बायका एका हळदीत सगळ्या शेवाळी होऊन बसल्या होत्या.

त्याच हळदीत माझी मावशी भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, काय साडी काढलीस रे! भावाने मान डोलावली. दाजींनी काढली, असं म्हणायला त्याला जेमतेम एक श्वास लागला असता. त्याने तो घेतला नाही. नवरा दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याच्या ताटातली जिलेबी तशीच राहिली.

पुढच्या रविवारी बँडवरून जे भांडण झालं ते नेहमीसारखंच सुरू झालं, पण आवाज निराळे होते. नवरा म्हणाला, दुसऱ्याच्या कष्टावर मिरवायला लाज वाटली पाहिजे. भाऊ म्हणाला, तोंड नसलेल्याची कला गोदामातच सडते. परदेशी म्हाताऱ्यांचं नाव कोणी घेतलं नाही. भाऊ उठला आणि चहा न घेता गेला. आमच्यात भरला कप टाकून जाणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यांना सांगायला नको.

लोक असल्या बाजू का घेतात, याचा मी तेव्हा फार विचार केला. गाण्यासाठी घेत नाहीत, एवढं मला कळलं. गाणं दोघांना सारखंच आवडतं. ज्याच्या ठिकाणी आपण उभे आहोत असं वाटतं, त्याच्यासाठी माणूस भांडतो. स्वतःसाठी भांडायला लाज वाटते. परदेशी म्हाताऱ्यासाठी वाटत नाही.

भाऊ यायचा बंद झाला आणि आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आम्हा खानदेशच्या लेकी माहेरी जातात, आणि न्यायला भाऊ यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. माझं माहेर डिंडोलीला, रिक्षाने हाकेच्या अंतरावर. एरवी मी कोथिंबिरीची जुडी द्यायलाही जाऊन येते. पण आखाजीला आपल्या आपण गेले तर ते माहेर कसलं?

सणाच्या आदल्या दिवशी भावाचा मेसेज आला: रिक्षा करून ये. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग राग आला तेव्हा बरं वाटलं. मी उत्तर पाठवलं, मुराळी आला तर येईन.

त्याच आठवड्यात आणखी एक गंमत झाली होती. ते दोघे परदेशी म्हातारे एक झाले. फोनवर फोटो फिरत होता, एकमेकांच्या गळ्यात हात घालून हसताहेत. मला वाटलं, नवरा पेढे वाटेल. त्याचा चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा. म्हणाला, "गिटारवाल्यानं नमतं घ्यायला नको होतं." आणि आईच्या फोनवर भाऊ मागून बोलताना ऐकला, गायकाने त्याचे पाय धरायला नको होते. ज्यांचं भांडण त्यांचं मिटलं, आणि आमचे हे दोघे तंटा चालवायला मागे उरले.

आखाजीच्या सकाळी मी शेवाळी साडी नेसले आणि बसून राहिले. तिकडे आईने आमरसाचं पातेलं झाकून सांगितलं होतं, बहीण घरात आल्याशिवाय कोणाला वाटी मिळणार नाही. भावाचा जीव आमरसात. बराच उशिरा खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला. तो वर येईना. मी गॅलरीत जाऊन सांगितलं, मागचा चहा राहिलाय, तो पिऊन घे, मग निघू.

तो आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. मी मुद्दाम हलले नाही. शेवटी नवराच उठला आणि त्याने चहा ठेवला. साखर जास्त पडली. भावाने कप रिकामा केला. मग दोघांनी, कुठेतरी पाहायला हवं म्हणून, फोनवर त्या म्हाताऱ्यांच्या नव्या कार्यक्रमाचा तुकडा लावला. गायकाचा वरचा सूर लागेना. गिटारवाल्याची बोटं मागे पडत होती. दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"दाजी, तुमचा माणूस थकला."

"तुझाही," नवरा म्हणाला.

मी पिशवी उचलली तेव्हा भावाची नजर साडीवर गेली. काठाकडे बघत तो म्हणाला, मार्केटमध्ये सगळे विचारतात ही वेल कोणाच्या हातची. मी दाजींचं नाव सांगतो. तो खरंच तसं सांगत होता की त्याला ते त्या क्षणी सुचलं, मला माहीत नाही. नवऱ्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, शेवाळी रंग तुझ्या दाजीला नको होता, तो तुझा हट्ट.

रस्त्यात भावाने मान वळवून विचारलं, "ताई, खरं सांग, तू कोनी बाजूनी शेस?"

"जो माले लेवाले उना, त्यानी," मी म्हणाले. न्यायला आला तो. गडी इतका खूश झाला की सिग्नल लाल असताना निघाला.

संध्याकाळी मला परत न्यायला नवरा डिंडोलीला आला, आईच्या हातच्या आमरसाच्या वाट्या रिचवल्या, आणि घरी जाताना पुलावर त्यानेही तेच विचारलं. त्यालाही मी हेच उत्तर दिलं.