दुसऱ्यांदा पहिलं वर्ष

नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळ्या मुली ताडकन उभ्या राहिल्या. "गुड मॉर्निंग, मॅडम!" चाळीस जणी एका सुरात. मी सत्तावीस वर्षांची, साडी नेसलेली, त्या सतरा-अठराच्या. मी मान खाली घालून पुढच्या बाकाशी गेले आणि तिथल्या मुलीला म्हटलं, "जरा सरकतेस का गं?" मग वर्ग इतका हसला, की खऱ्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या तरी कुणाला पत्ता नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांची ताई झाले.

त्याआधी माझ्याकडे प्राणिशास्त्राची एक पदवी होती. तिच्या जोरावर मी पाच वर्षं तुळिंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. सकाळी रक्त काढायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. काम वाईट नव्हतं. पण रिपोर्ट घेऊन माणूस जिना उतरला, की पुढे त्याचं काय झालं ते मला कधी कळायचं नाही. कावीळ झालेले आजोबा बरे झाले का, हे विचारायला मी कुठे जाणार?

मग बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बाबा बस कंडक्टर. भरल्या गाडीत लोकांना दरडावणारा माणूस, खाटेवर मात्र अंग चोरून पडला होता. खोकला आला तरी दाबून धरायचा. टाके तुटतील ही भीती. वॉर्डातल्या सिस्टर आल्या, त्यांनी एक उशी बाबांच्या पोटाशी धरली, बाबांचे दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "आता खोका, काका. टाके माझ्या जबाबदारीवर." बाबा खोकले. काही झालं नाही, म्हणून आणखी एकदा खोकले, या वेळी जरा ऐटीत. मी बाजूला स्टुलावर बसले होते. मला त्या सिस्टरांचा हेवा वाटला. इतका स्पष्ट हेवा मला आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. "आम्ही तुझ्यासाठी स्थळं बघतोय आणि तू पुन्हा कॉलेजात जातेस? पहिल्या वर्षापासून?"

"चार वर्षं," मी म्हटलं. "आणि फी आपल्या ऐपतीबाहेरची आहे. कर्ज काढावं लागेल."

आईने लाटणं खाली ठेवलं. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "हिच्या लग्नाला आपण कर्ज काढणारच होतो ना? ते याला काढू."

"आणि लग्न?"

"ते स्वस्तात करू."

बँकेतल्या मॅनेजरसाहेबांना हे गणित पटेना. माझी पदवी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "एक डिग्री आहे, नोकरी आहे. शैक्षणिक कर्ज मुलांसाठी असतं हो. तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा तिशी ओलांडलेली असेल."

"तिशी तर नाही शिकले तरी ओलांडेन, साहेब," मी म्हटलं. उद्धटपणा नव्हता त्यात, मला खरंच तसं वाटत होतं.

ते हसले नाहीत. बाबांच्या पगारावर भागणार नाही, जामीनदार आणा म्हणाले. नातेवाइकांकडे विचारून झालं. सगळ्यांना एकदमच आपापल्या अडचणी आठवल्या. शेवटी मी माझ्या शाळेतल्या गणिताच्या टीचरांकडे गेले. त्या वसईच्या, ख्रिस्ती, निवृत्त झालेल्या; घरामागे केळी-पपईची वाडी. नुसतं मन मोकळं करायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

दुसऱ्या दिवशी त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेला नेसायची साडी नेसून बँकेत हजर. मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे करत विचारलं, "या मुलीच्या तुम्ही कोण लागता?"

"कोणी नाही," टीचर म्हणाल्या. "पण मी हिची उत्तरपत्रिका तपासलीय. चुकलेलं गणित ही खोडत नाही, खाली पुन्हा मांडते."

कर्ज मंजूर झालं.

इंजेक्शन द्यायला शिकायची वेळ आली तेव्हा टीचरांनी वाडीतल्या कच्च्या पपया पाठवल्या. मनवेलपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज संध्याकाळी पपईला साधं पाणी टोचायचे, आणि आई त्याच पपईची भाजी करायची. "आज कुठे टोचलंस? दंडात की कमरेत?" ती विचारायची. माणूस न उठवता चादर बदलायचा सराव मी बाबांवर केला. पहिल्यांदा ते खाली घरंगळले. दहाव्यांदा गाढ झोपले होते.

दर वर्षी फीचा पुढचा हप्ता सुटायला गुणपत्रिका बँकेत दाखवावी लागे. पहिल्या वर्षी साहेबांनी ती वाचून नुसती फाइलला लावली. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "शरीररचनेत एवढे मार्क पडतात?" तिसऱ्या वर्षी त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझी मिसेस बी.ए. आहे. आता बी.एड. करायचं म्हणते. चौतीस वर्षांची आहे. जमेल का हो?"

"वर्गात सगळ्या उठून उभ्या राहतील," मी म्हटलं. "तेवढं सांगून ठेवा."

या वेळी ते मोठ्याने हसले.

त्याच वर्षी प्रसूतिगृहात ड्यूटी लागली. नालासोपाऱ्याची एक बाई, बिहारहून आलेली, माझं मनगट धरून तीन तास लढत होती. मला तिची भाषा अर्धी कळे, तिला माझी अर्धी. बाळ आलं तेव्हा सिस्टरांनी ते पुसून माझ्या हातात दिलं. ओलं, चिडलेलं, मुठी आवळलेलं. बाई म्हणाली, "दीदी, आप क्यों रो रही हैं? लड़की अच्छी है ना?" "बहुत अच्छी है," मी म्हटलं. मायलेकींना वॉर्डात आणल्यावर मी दिवसातून चारदा निमित्त काढून बाळाला बघून आले.

पास झाले, विरारच्या एका हॉस्पिटलात लागले. कर्जफेडीचे हप्ते सुरू झाले आणि वेळेवर गेले. लग्न पुढे झालं, बाबांच्या शब्दाप्रमाणे स्वस्तात.

पहिल्या पगारातून मी घरी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. आई चौथी शिकलेली. तिने आठवडाभर ते नुसतं पुसून ठेवलं आणि एका रविवारी म्हणाली, "मला पण शिकव." पट्टा कुठे बांधायचा, फुगा किती दाबायचा, कानात ठोका कधी सुरू होतो, कधी बंद होतो, सगळं ती बाबांच्या दंडावर शिकली. महिन्याभरात रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत बिल्डिंगमधल्या बायका ओळीने बसू लागल्या. आई चष्मा लावून, श्वास रोखून ऐकायची. मी शेजारी उभी राहून खातरजमा करायचे, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असायची.

"एकशे तीसवर ऐंशी!" ती जाहीर करायची. "लोणचं कमी करा, वहिनी. पुढच्या कोण?"