तिसऱ्या स्टॉपनंतरचे झटके

आधीच सांगते, मी रागीट आहे. आमच्या घरात रागाचं खातं एकटीने मीच सांभाळायचं असं ठरल्यासारखं आहे, कारण आमच्या ह्यांना तो येतच नाही. सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली. मोटारवाल्यांनी गाडी आडवी घालून शिव्या दिल्या, प्रवाशांनी काचेवर मुठी आपटल्या, पण घरी येऊन ह्या माणसाने कधी ब्र काढला नाही. हातपाय धुणार, चहा पिणार आणि "आज जरा गर्दी होती" म्हणणार. बास. ऐकून माझंच रक्त तापायचं, ह्यांचं नाही.

दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत डाव्या डोळ्याची कड गेलेली निघाली. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूने येणारं दिसत नाही. साहेबांनी लायसन्स ठेवून घेतलं आणि तिकिटांच्या खिडकीत बसा म्हणाले. ह्यांनी सरळ नोकरी सोडली. मी म्हटलं, अहो, साहेबाशी दोन शब्द भांडलात तरी का? तर म्हणे, "डोळा माझा गेलाय, साहेबांचा काय दोष?"

मग सात महिने हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. जेवायला काय करू विचारलं तर काहीही चालेल. फिरायला चला म्हटलं तर उद्या जाऊ. आमच्या घरावरून बस जाते. तिचा आवाज आला की ह्यांचा उजवा पाय फरशीवर हळूच दाबला जायचा. ह्यांना स्वतःला कळायचंही नाही. मला कळायचं, आणि मी तोंड फिरवून मशीन जोरात चालवायची. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, माझं रेक्झिन, माझा पसारा, आणि त्यात हा न बोलणारा माणूस. ते सात महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

धाकट्या भावजींनी आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. सोबत खेळातलं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल. "वहिनी, यात अख्खं शहर आहे. स्टॉप आहेत, प्रवासी आहेत, पाऊससुद्धा आहे. दादा बस चालवेल." मी म्हटलं, छप्पन वर्षांच्या माणसाला खेळणं आणलंत होय? पण हे उठले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी न सांगता खुर्चीतून उठले, आणि त्या दिवशी तीन तास बस चालवली.

चालवायची कशी, तर साग्रसंगीत. आधी टेबलाभोवती एक चक्कर मारायची. मग त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटाच्या पेराने चार ठोके द्यायचे, टायर ठोकून बघायचे तसे. मग सीट सरळ, पाठ ताठ. आणि मग बसून राहायचं. कशासाठी? तर घंटीसाठी. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय ह्यांनी आयुष्यात गाडी हलवली नव्हती, आता काय हलवणार! खेळातला कंडक्टर कुठून घंटी देणार, मग ती द्यायची मी. माझी कात्री मशीनच्या पत्र्यावर दोनदा आपटायची. टण टण. की निघाली बस.

पहिल्यांदा मजा वाटली. मग वैताग यायला लागला. एक दिवस सहा सीटचा जोड संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, माझा दोरा सारखा तुटत होता, आणि पलीकडून हे तिसऱ्यांदा म्हणाले, "घंटी?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले आणि भिंतीतला प्लग खेचून काढला. "खोटी बस, खोटे प्रवासी, आणि खऱ्या बायकोने घंट्या बडवायच्या!" असं बोलले. आणखीही बोलले, ते इथे सांगत नाही. हे बंद पडद्यासमोर स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. पुढे आठ दिवस त्या डब्याला हात लावला नाही.

आता, मला 'चुकलं' म्हणता येत नाही. जीभच वळत नाही माझी. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदाही म्हटलेलं नाही. मग मी काय केलं, त्या डब्याला कव्हर शिवलं. एका मोठ्या गाडीचं गडद तांबडं रेक्झिन उरलं होतं, ते घेतलं. आतून फोम लावला, कडेने दुहेरी टीप आणि पायपिंग. आमच्या धंद्यात कव्हराची एकच परीक्षा असते. बसवल्यावर आत बोट जाता कामा नये. बोट गेलं की गिऱ्हाईक कव्हर परत आणतं. वीस वर्षांत माझं एकही परत आलेलं नाही. डब्याला मागे आणि बाजूला जाळीसारखी भोकं होती. म्हटलं, इथूनच सगळी धूळ जात असणार. ती पण गच्च झाकून टाकली.

नवव्या दिवशी सकाळी ह्यांनी ते बघितलं. पायपिंगवरून हात फिरवला. टेबलाभोवती चक्कर मारली, चार ठोके दिले. फोममुळे आवाज आला नाही. मग बसले आणि म्हणाले, "घंटी?" मी दिली. भांडण मिटलं.

आणि त्याच आठवड्यात बस झटके द्यायला लागली.

सुरुवात ठीक व्हायची. पहिला स्टॉप, दुसरा, तिसरा. तिसरा सुटला की चित्र अडायचं. बस वळणावर थिजायची आणि एकदम पुढे उडी मारायची. रोज तिथेच. अर्ध्या फेरीत ह्यांना घाम फुटायचा, गरगरायचं. मग हे बंद करायचे आणि उठताना त्या कव्हरावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, बघा, कौतुक आहे हो माझ्या कामाचं.

भावजींना बोलावलं. ते आले, बसले, दोन कप चहा पिऊन म्हणाले, "वहिनी, कार्ड म्हातारं झालं." म्हणजे काय ते मी विचारलं. पडद्यावर जे दिसतं ते सगळं काढणारा एक भाग डब्यात असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळ नवा झाला, कार्ड जुनंच राहिलं, त्याला आता झेपत नाही. मग त्यांनी खेळातल्या सावल्या कमी केल्या. पाऊस बंद केला. झाडं काढली. आमचे हे बिनझाडाच्या शहरातून बस न्यायला लागले, तरी तिसऱ्या स्टॉपनंतर झटके होतेच. मी म्हटलं, भावजी, आता रस्ता तेवढा काढायचा राहिलाय, तोही काढा. तर हसले. म्हणाले, "नवं कार्ड घ्या, दुसरा इलाज नाही."

मी लगेच म्हटलं, घ्या. मी माझ्यासाठी जाड कापडाचं नवं मशीन घेणार होते, ते राहू दे पुढच्या वर्षावर. आणि इथे हा माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात माझ्या कशाला नाही म्हटलं नाही, तो म्हणाला, "नको."

"का नको?"

"तुझं मशीन आधी."

"मशीनचं मी बघते. तुम्ही कार्डाचं बोला."

"नको म्हटलं ना. चालतंय तितकं चालवू."

"चालतंय कुठे? घामाने भिजता तुम्ही!"

"मग बंद करतो."

आणि खरंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत. खालून बस गेली. पाय दाबला गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मशीनवरून उठले, प्लग काढला, कव्हर उतरवून घडी करून काखेत मारलं आणि डबा ह्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हटलं, "उठा. कार्ड घ्यायचंय. एक शब्द बोललात तर बघा!" बोलणार कुठून? तोंडात मिठाची गुळणी. उठले आणि डबा उचलून माझ्यामागे चालायला लागले.

कार्डाचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार तरतरीत. नव्या कार्डाचं खोकं आधीच काचेवर काढून बसला होता. "काकू, नवं बसवायच्या आधी जुन्यावर चालवून दाखवतो. मग फरक डोळ्यांनी बघा." खोकं अर्धं उघडून ठेवलं आणि आमचा डबा जोडला. स्टिअरिंग त्याच्याकडचंच लावलं. ह्यांनी दुकानातही डब्याला चार ठोके दिले. पत्र्याचा खणखणीत आवाज आला. मग पाठ ताठ करून बसले आणि माझ्याकडे बघितलं. दुकानदारासमोर मला लाजच वाटली, पण मी घराची किल्ली काचेवर दोनदा आपटली.

पहिला स्टॉप. दुसरा. तिसरा. मी पडद्याकडे बोट करून म्हटलं, "आता बघा, आता झटके बसतील." वळण आलं. बस वळणावरून अशी गेली की काय सांगू. चौथा स्टॉप झाला, पूल झाला. दुकानदाराने झाडं परत लावली, पाऊस लावला, तरी बस चालूच. शेवटच्या स्टॉपवर हे नीट कडेला लावून थांबले. सबंध फेरीत एक झटका नाही.

दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "कार्ड तर चांगलं आहे हो. घरी डबा कशात ठेवता?"

काखेतलं कव्हर मी मांडीवर घेऊन बसले होते, तिकडे बघितलं. कव्हराची घडी उलटी पडली होती, आतला फोम वर आला होता. भोकं जिथे झाकली होती तिथे फोम पिवळा पडून आकसलेला. बोटाने दाबला तर कडक लागला. कापडाचं मला कुणी सांगायला नको. इंजिनाच्या अगदी वरच्या सीटचा फोम असा होतो. रोज रोज तापून होतो.

"अहो काकू, डब्याला रजई घातलीत तुम्ही!" दुकानदार हसला. "आतली गरम हवा जाणार कुठून? कार्ड तापलं की आपोआप हळू पडतं. तरी पण, नवं घेतलंत तर..."

"ठेवा ते खोक्यात!" मी अशी काही ओरडले की बिचाऱ्याने पटकन झाकण लावलं. त्याच्यावर राग नव्हता. मी आमच्या ह्यांच्याकडे बघत होते. ते अजून पडद्याकडेच तोंड करून बसलेले, मान खाली. तीस वर्षं त्या मानेशी संसार केलाय मी.

रस्त्यावर आलो आणि मी थांबले. "तुम्हाला माहीत होतं."

"माहीत असं नाही," हे म्हणाले. डबा छातीशी धरलेला. "शंका होती."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हात ठेवला तर चटका बसला."

म्हणजे ते कौतुक नव्हतं! सत्तावीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेला माणूस रोज हात लावून बघत होता किती तापलंय, आणि कव्हर तसंच राहू देत होता. "मग बोलला का नाहीत? मी मशीन सोडायला निघाले होते! तुम्ही परत त्या खुर्चीत जाऊन बसलात! एका रेक्झिनच्या तुकड्यापायी?" माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

ह्यांनी डबा सावरून घेतला. मग म्हणाले, "तू कधी चुकलं म्हणत नाहीस. त्या दिवशी कव्हर शिवून म्हणालीस. ते तुला परत कसं करायचं?"

मला आणखीच राग आला, आणि घर येईपर्यंत मी चार पावलं पुढेच चालले.

घरी येऊन कव्हर उलटं केलं आणि कात्री चालवली. मागची बाजू अख्खी कापून काढली, बाजूला दोन मोठ्या खिडक्या पाडल्या. फोम सगळा ओरबाडून टाकला. मग कापलेल्या कडांना पायपिंग घालायला बसले. बोटच काय, अख्खा हात आत जात होता. पलीकडे ह्यांनी डबा जोडला. चक्कर मारली, चार ठोके दिले. सीट सरळ करून बसले.

"घंटी?"

मी टीप घालत राहिले.

"अगं, घंटी?"

"नाही मिळणार. आधी बोला. दुकानदाराकडून कळलं मला, माझ्या नवऱ्याकडून नाही. तोंडाने बोला."

बस उभी. दार बंद झालेलं, आत माणसं बसलेली, पाऊस पडतोय. घंटीशिवाय हा माणूस निघणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि न बोलता मी घंटी देणार नाही हे त्यांना. मी एक पूर्ण खिडकी शिवून संपवली. दुसरीला लागले. दुसरी अर्धी झाली तेव्हा ह्यांनी घसा साफ केला.

"कव्हर चुकलं तुझं," हे म्हणाले. आवाज थोडा चढा होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. "नुसतं चुकलं नाही, साफ चुकलं. जीव घाबरायचा माझा त्या वळणावर."

वीस वर्षांत माझं एकही कव्हर परत आलं नव्हतं. हातातली टीप थांबली. डोळे भरून आले, ते मी मशीनकडे वळवले.

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

आणि कात्री उचलून पत्र्यावर दोनदा आपटली.