सोबतीचा कान

लास तुस्कास गावात कुणाला जेवायला बोलवायचं तर आधी त्याचा बहिरा कान कुठला, हे बघावं लागतं. उजव्या कानानं बहिरे टेबलाच्या या टोकाला, डाव्या कानाचे त्या टोकाला, आणि मधे बायका, दोन्हीकडे ओरडायला. गावाचं पोट होल्यांच्या शिकारीवर चालतं. ज्वारी पिकली की आभाळ होल्यांनी भरून जातं, परदेशातून शिकारी येतात, आणि गावातले पुरुष त्यांच्या शेजारी उभे राहून दिवसभर बंदुकीत काडतुसं भरून देतात. भरणीवाले म्हणतात त्यांना. शिकारी चार दिवस बार ऐकतो नि आपल्या घरी जातो. भरणीवाला हंगामभर ऐकतो.

कानात घालायला शिकारीचा मालक बोळे द्यायचा, पण ते एकाच कानात घालायची रीत होती. रांगेत ज्या बाजूला आपला सोबती उभा असेल त्या बाजूचा कान उघडा. त्याला साप दिसला, कुणाची बंदूक भलतीकडे वळली, तर त्याची हाक पोचायला हवी. त्या कानाला 'सोबतीचा कान'च म्हणायचे. तो झाकणाऱ्याला भित्रा कुणी म्हणत नसे. त्याच्याशी बोलणं तेवढं कमी व्हायचं.

लिबोरिओ आणि त्याचा धाकटा भाऊ तादेओ वीस वर्षं असे शेजारी शेजारी उभे राहिले. तादेओ कायम डावीकडे, म्हणून लिबोचा डावा कान उघडा. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये एक परदेशी म्हातारा आला होता. भला माणूस. त्याला लिबोचा उघडा कान बघवेना. त्यानं आपल्या पिशवीतले फोमचे बोळे लिबोच्या दोन्ही कानांत घातले, त्यावर अख्खा कान झाकणाऱ्या जाड वाट्या चढवल्या, आणि अंगठा वर करून हसला. लिबोनं काढले नाहीत. पाहुण्याचा मान, हे एक. दुसरं म्हणजे, तळ्यात डोकं बुडवल्यासारखं गार वाटलं त्याला. वीस वर्षांत पहिल्यांदा दुपार शांत होती. त्यानं ते सुख अगदी चवीनं घेतलं.

त्याच दुपारी तादेओ पडलेले होले गोळा करायला चान्यारच्या काटेरी झुडपांकडे गेला, आणि तिथं त्याच्या छातीत कळ आली. लिबोपासून वीस पावलांवर. लिबो खाली वाकून काडतुसं भरत होता. बंदूक थांबली तेव्हा त्यानं मान वर केली, तोवर सगळं संपलं होतं.

नंतर त्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं दुभाष्याकडून सांगितलं, रडत सांगितलं. त्यानं तादेओला पाहिलं होतं. तादेओनं हात वर केला होता आणि तीनदा तोंड उघडलं होतं. म्हाताऱ्याला वाटलं, होला मिळाला म्हणून आनंदानं हात करतोय. त्यानंही हात केला.

तेव्हापासून लिबोनं कानात कापूससुद्धा घातला नाही. दोन्ही कान उघडे, आणि डावीकडे कुणी सोबतीही घेतला नाही. चार वर्षांत डावा कान पार मेला. त्याच्याशी तोंड लावून ओरडलं तरी काही नाही. फक्त मधूनच, कधी जेवताना, कधी दाढी करताना, त्या मेलेल्या कानात हाक यायची. "लिबो." मग पुन्हा, "लिबो." तिसरी अर्धीच, "लि…" लिबो चमचा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आलो." समोर बसलेली त्याची बायको एर्मिंदा त्याच्या भांड्यात मातेचं, त्या कडवट पाल्याच्या चहाचं, गरम पाणी ओतायची नि पुढं सरकवायची. बडबडी बाई ती, सकाळी उठल्यापासून तोंड चालू, पण त्या वेळी गप्प.

यंदा हंगामाआधी एर्मिंदानंच त्याला शहरात कानाच्या डॉक्टरणीकडे नेलं.

"डावा गेला," डॉक्टरीण कागदावरची रेघ दाखवत म्हणाली. "उजवा अर्धा उरलाय. अजून एक हंगाम उघड्या कानानं उभे राहिलात तर तोही जाईल. झाकलात तर उरलाय तेवढा राहील."

"म्हणजे हा उजवा गेला की मी भिंतीशी बोलायचं," एर्मिंदा म्हणाली.

"भिंत उत्तरं कमी देईल," लिबो म्हणाला. "तुला बरंच होईल."

डॉक्टरीण हसली. एर्मिंदा हसली नाही. बाहेर आल्यावर फूटपाथवर ती थांबली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "म्हाताऱ्या, मला तुझं बोलणं नकोय. माझं बोलणं ऐकणारं कुणीतरी हवंय. दोघंच उरलोत आपण." त्याला ते पटत होतं. त्या घरात तिचा आवाज नसता तर त्याला कधीच वेड लागलं असतं, हेही त्याला माहीत होतं. पण कान झाकायचा म्हटलं की तो मागं सरायचा. उघडा ठेवला म्हणून तर तादेओ बोलावत होता. झाकला आणि त्याची हाक पुन्हा ऐकूच आली नाही तर?

शेवटी तो बंदुकांच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आला, तो एर्मिंदानं दंड धरला होता म्हणून.

दुकान ब्रुसोनेबाईंचं. नवरा वारल्यावर त्यांनीच चालवलं. त्यांनी काचेवर तीन वस्तू मांडल्या. फोमचे बोळे, साध्या वाट्या, आणि बॅटरीवरच्या वाट्या.

"आधी हे बोळे बघा," बाई म्हणाल्या. "नुसते खुपसायचे नाहीत. बोटांत वळून सुतळीसारखे बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढा, मग आत घाला आणि फुगेपर्यंत बोट ठेवा. तुमच्या गावचे सगळे बाटलीच्या बुचासारखे अर्धे बाहेर ठेवतात. त्यानं काही होत नाही."

लिबोनं सांगितलं तसं केलं. जग लांब गेलं. आणि रिकाम्या झालेल्या डोक्यात आधी त्याच्या कानात कायम वाजणारी शिट्टी वर आली, मग तिच्या आतून, "लिबो." एवढ्या जवळून कधी आली नव्हती. त्यानं बोळे उपसून काचेवर टाकले.

"घट्ट झाले का?" बाईंनी विचारलं.

"घट्ट झाले," एर्मिंदानंच उत्तर दिलं.

मग साध्या वाट्या. त्या त्यानं आपल्या लोकरी टोपीवरूनच चढवल्या.

"टोपी काढा," बाई म्हणाल्या. "टोपीवरून वाटी म्हणजे दार लावून खिडकी उघडी. चष्म्याची दांडीसुद्धा फट पाडते. ऊन लागतं म्हणून तुम्ही सगळे टोपीवरूनच घालता आणि मग म्हणता, वाट्या कुचकामी."

टोपी काढून घातल्या तर तेच. शिट्टी, आणि शिट्टीत हाक. लिबोनं मान हलवली. "नको. यांच्यात जिवंत माणसाचं काही येत नाही."

"मग ही," म्हणत बाईंनी तिसरी पुढं केली. "हिला बाहेरून बारीक माईक आहे. साधं बोलणं आत येऊ देते, उलट मोठं करून देते. बार झाला की तेवढ्यापुरतं दार बंद. ठासून बसली पाहिजे मात्र. आणि तुमच्याइतके बार ऐकणाऱ्यानं हिच्या आत बोळेही घालावेत."

बोळ्यांचं नाव ऐकून लिबोनं हात मागं घेतला.

"बरं, आधी नुसती बघा."

लिबोनं घातली आणि एर्मिंदाला म्हणाला, "तू कोपऱ्यापर्यंत जा. पावाच्या दुकानाशी. तिथून मला बोलव. ओरडू नको, साधं बोलव."

एर्मिंदा उन्हात निघाली. लिबो पायरीवर उभा. उजव्या वाटीतून तिच्या चपलांचा आवाज येत होता, किंचित खरखरीत, पत्र्यावरून आल्यासारखा. कोपऱ्यावर पोचता पोचता ती पुटपुटली, "आडमुठा माणूस, गाढवाला विकायला काढलं तरी याच्याहून कमी नाटकं करेल."

"ऐकलं," लिबो म्हणाला.

एर्मिंदा गर्रकन वळली. मग तिनं पदर तोंडावर धरावा तसा झग्याचा गळा तोंडाशी धरला आणि तिथंच पुन्हा पाठ फिरवून उभी राहिली. ती हसत होती की दुसरं काही, ते लांबून कळलं नाही.

बॅटरीवरच्या वाट्या घरी आल्या, आणि एर्मिंदानं घेतलेले बोळेही. लिबोनं वाट्या खुंटीला टांगल्या आणि चार दिवस त्यांच्याखालून वाकून गेला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी त्याला जागा मिळाली ती चान्यारच्या झुडपांजवळची. अकरा वर्षं तो ती टाळत आला होता. यंदा मुकादम नवा होता, त्याला ठाऊक नव्हतं, आणि लिबोनं सांगितलं नाही. उजवीकडे चाळीस पावलांवर रुफिनो होता, शेजारच्या गावचा जाडा भरणीवाला. डावीकडे झुडपं.

लिबोनं टोपी काढून खिशात घातली. बोळे बारीक वळले, कान ओढून आत बसवले. ते फुगेपर्यंत बोट धरून उभा राहिला. मग वाट्या चढवून बटण दाबलं. शिकाऱ्यानं पहिला बार टाकला. धप्प. उशीवर कुणी मूठ मारावी तसा.

हाक यायला दुपार झाली. बार थांबले होते, आभाळात होले फिरत होते.

"लिबो."

डावीकडून. झुडपांतून. लिबोच्या मुठीत दोन काडतुसं होती, ती तशीच राहिली. "लिबो." त्यानं वाट्या काढल्या, बोळे उपटले, उघड्या कानानं झुडपांकडे बघितलं. "लि…" तेवढीच. ना मोठी, ना बारीक. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यानं वाट्या कानावर दाबल्या. तेवढीच. काढल्या. तेवढीच.

तो बराच वेळ तसा काढघाल करत उभा होता. शिकाऱ्याला वाटलं, यंत्र बिघडलंय. आणि मग लिबोला ती गोष्ट सुचली, जी अकरा वर्षांत सुचली नव्हती. त्या दुपारी ही हाक त्याच्या कानापर्यंत आलीच नव्हती. त्यानं ती कधी ऐकलीच नव्हती. आवाज कसा होता, नाव घेतलं की नुसतं ओरडला, हेही त्याला माहीत नव्हतं. जी कानातून आत आली नाही, ती कान झाकून बाहेर कशी राहणार? ती त्याच्याजवळच होती, आणि राहणार होती. हे कळून त्याला बरं वाटलं असं नाही. भीतीच वाटली, जास्त. पण कानाला आता तिची राखण करायची नव्हती.

त्यानं बोळे पुन्हा वळले. डाव्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. वर वाट्या.

थोड्या वेळानं उजव्या बाजूनं खरखर आली आणि खरखरीतून एक कंटाळलेला आवाज. "ए लिबोरिओ, पाणी आहे का रे? माझं संपलं."

लिबोनं वळून बघितलं. रुफिनो चाळीस पावलांवर, हात कमरेवर.

"कुणाला हाक मारतोय मी, खांबाला?" रुफिनो म्हणाला. "झाकलेस ना दोन्ही कान? हे असं होतं."

"ऐकलं, जाड्या," लिबो म्हणाला. "आणतो."

डावीकडे हाक चालूच होती. लिबो पाण्याची बाटली उचलून क्षणभर झुडपांकडे तोंड करून थांबला.

"थांब तादेओ," तो साध्या आवाजात म्हणाला. "रुफिनोला पाणी देऊन येतो."

आणि शिकाऱ्याला हातानं बंदूक खाली धरायची खूण करून तो ज्वारीच्या धसकटांतून उजवीकडे चालायला लागला.